महाडची गोळी, पनवेलची नळी

रक्ताच्या नळ्यांना रंगीत टोपणं असतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे रक्त गोठत नाही, म्हणून हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी तिच्यावर करतात. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू द्यायचं, वर उरलेलं सीरम वेगळं करायचं आणि त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम पाहायचं. पनवेलमधल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं हे काम केलं. एका संध्याकाळी वॉर्डातून आलेल्या एका आजींचं पोटॅशियम आठच्या वर गेलं. एवढं पोटॅशियम असेल तर हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. त्याच नळीत कॅल्शियम मात्र अगदी तळाला गेलेलं. ही जोडी एकत्र दिसली की या कामात मुरलेला माणूस थबकतो. जांभळ्या नळीतलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि रक्तातलं कॅल्शियम ते धरून ठेवतं. म्हणजे जांभळ्या नळीतलं रक्त पिवळ्या नळीत गेलं असणार.

मी वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, शीरच सापडत नव्हती. पिवळीला कमी पडलं, म्हणून ह्यातलं थोडं त्यात घातलं." त्यांच्यावर त्या पाळीला अख्खा वॉर्ड होता. नळीतलं द्रव्य काय करतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. रक्त पुन्हा काढलं, पोटॅशियम चार निघालं. पहिला आकडा आम्ही तसाच वर पाठवला असता, तर तो खरा मानून आजींना औषधं दिली गेली असती आणि त्या औषधांनी निरोगी हृदयाला धोका झाला असता.

त्यानंतर आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. ट्रेमध्ये पिवळी नळी पुढे आणि जांभळी मागे ठेवायला लागलो, म्हणजे हात आधी पिवळीकडे जाईल. आणि ट्रेच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद लावला : या नळीतलं त्या नळीत घालू नका, रक्त कमी पडलं तर लॅबला फोन करा. असे नमुने त्यानंतर कमी येऊ लागले, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. किती कमी झाले, हे मी आज सांगू शकत नाही, कारण मी ते मोजून लिहून ठेवले नाहीत. कागद लावण्याआधीचे आकडे नाहीत आणि नंतरचेही नाहीत. मी ती लॅब सोडली, सिस्टर बदलल्या, ट्रे बदलले. तो कागद आज तिथे असेल असं मला वाटत नाही. आम्ही जे शिकलो ते आमच्याबरोबरच संपलं. माझ्या कामातली ही चूक मला पोटॅशियमच्या चुकीपेक्षा जास्त लागते, आणि या लेखाचं मूळ तीच आहे.

वैद्यकातलं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवं औषध, नवी लस, नवा जंतू येतो. रुग्णाच्या हाती ते पोचतं कामाच्या रीतीतून : कोणी, केव्हा, कशानंतर काय करायचं यातून. रीत चुकली तर उत्तम शोधही माणूस मारू शकतो. रीत सुधारली तर जुनीपुराणी गोळीसुद्धा माणसं वाचवते. म्हणून रीत सुधारणं हेही संशोधनच आहे. ते मोजून, लिहून, छापून जगापुढे ठेवलं पाहिजे आणि त्याला शोधाइतकाच मान मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. याचा सगळ्यात भक्कम पुरावा आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे. पनवेलच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला की सुमारे सव्वाशे किलोमीटरवर महाड लागतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. नागपूरला एम.बी.बी.एस. करून १९७० च्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचू नवा नाही. काळ्या विंचवाने, इंगळीने माणूस रात्रभर कळवळतो, पण सकाळी उठून कामाला लागतो. तांबड्या विंचवाचं तसं नाही. तो दिसायला लहान. पेंढ्यात, लाकडांत, जांभ्याच्या फटीत लपलेला असतो. त्याचा दंश झालेल्या काही माणसांना दुखणं फारसं जाणवतच नाही. त्यांना उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, आणि काही तासांत तोंडातून फेस येऊन माणूस जातो. बिरवाडीला अशी लहान मुलं यायची आणि हातात मरायची. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाला जेमतेम जागा होती आणि दंशाने नेमका मृत्यू कशाने येतो, हे त्यांत नीट सांगितलेलं नव्हतं.

बावस्करांनी पहिलं काम केलं ते पाहण्याचं आणि लिहून ठेवण्याचं. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा तासातासाला टिपला. त्या टिपणांतून चित्र उभं राहिलं. तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाही. शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड भार येतो आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी भरतं. तोंडातला फेस म्हणजे तेच पाणी. मृत्यू हृदयाच्या थकव्याने होत होता, आणि उपचार मात्र भलतीकडेच चालले होते. झोपेची औषधं, ॲलर्जीची औषधं, स्टिरॉइड, ॲट्रोपिन अशी खिचडी दिली जायची. त्यातली काही निरुपयोगी होती, काही घातकही.

शोध इथपर्यंत आला. इथेच थांबला असता तरी तो छापण्याजोगा होता, आणि छापलाही गेला. 'लॅन्सेट'मध्ये महाडचा पत्ता झळकू लागला. पण पुढे जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं. क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो, नाहीतर तो कोसळतो. औषध गुणकारी होतं, पण बिरवाडीसारख्या केंद्रात, वीज गेलेल्या रात्री, एकट्या डॉक्टरने ते द्यायचं म्हणजे अशक्यच. मग त्यांनी तेच काम करणारी पण तोंडाने घेता येणारी गोळी शोधली : प्रॅझोसिन. हे औषध त्यांनी शोधलेलं नव्हतं. रक्तदाबासाठी ते आधीच बाजारात होतं, स्वस्त होतं आणि तालुक्याच्या औषध दुकानात मिळत होतं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी प्रॅझोसिनचा अनुभव मांडला.

नायट्रोप्रुसाइडकडून प्रॅझोसिनकडे जाणं हा रसायनशास्त्राचा शोध नव्हता. दोन्ही औषधं आधीपासून होती. बदलली ती उपचाराची रीत. शिरेतून गोळीकडे, अतिदक्षता विभागातून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. आणि गोळीबरोबर रीतीचे बारकावेही आले. लक्षणं नसतील तर गोळी देऊ नका, फक्त लक्ष ठेवा. घाम, उलट्या, गार हातपाय ही चिन्हं दिसली की मोठ्या दवाखान्याची वाट न पाहता तिथेच पहिली मात्रा द्या. वजनाप्रमाणे द्या, तीन तासांनी पुन्हा द्या. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवा, उठवून बसवू नका, कारण पहिल्या मात्रेने उभ्या माणसाचा रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. रडणाऱ्या लेकराला आई कडेवर घेणारच. तिला आधी समजावलं नाही, तर औषधच अपाय करेल. हे सगळं कागदावर चार ओळींत मावतं, पण रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात त्याच चार ओळी कामाला येतात. तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशातले मृत्यू बावस्करांच्या नोंदींनुसार चाळीस टक्क्यांच्या आसपास होते, ते एक टक्क्यावर आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची साथ त्यांना या कामात कायम होती. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

रीत फसली तर काय होतं, याचंही उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला मोठी प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ लोकांना ही लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे सगळे एकाच बाटलीतली लस टोचलेले होते, तिचा क्रमांक ५३-एन. चौकशीचं बोट परळकडे वळलं, कारण जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती, कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णता वापरायला सुरुवात केली होती. त्यांना पदावरून बाजूला व्हावं लागलं. खरी गोष्ट पुढे आली ती काही वर्षांनी. ती बाटली उघडताना मलकोवालला एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. मोठमोठ्या डोक्यांनी प्रयोगशाळेतली उष्णता तपासली, मातीत पडलेला चिमटा त्यांना दिसला नाही. रीतीचा अभ्यास त्या काळी विज्ञानात मोजलाच जात नव्हता.

आज तो मोजला जातो का? कागदोपत्री होय. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षकाला बढती हवी असेल तर शोधनिबंध छापलेले लागतात, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने केला आणि तो पुढेही चालू राहिला. हेतू चांगला होता. पण शिक्षकांना निबंधांची गरज पडली आणि पैसे भरले की छापणाऱ्या नियतकालिकांचं दुकान जोरात सुरू झालं. डॉ. समीरण नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांतून काय छापलं गेलं ते तपासलं. त्यांतल्या ३३२ संस्थांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त, दहा वर्षांत एकही निबंध छापलेला नव्हता. ही आकडेवारी वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. या ३३२ ठिकाणी रोज शेकडो रुग्ण येतात. तिथल्या सिस्टर, डॉक्टर, तंत्रज्ञ रोज काही ना काही शिकतात, माझ्या ट्रेवरच्या कागदासारखं. ते सगळं वाऱ्यावर जातं.

माझ्या मतावर दोन हरकती येतात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिली अशी, की रीत सुधारणं ही स्थानिक गोष्ट आहे. पनवेलच्या एका ट्रेचं ज्ञान कोल्हापूरला काय उपयोगाचं? याचं उत्तर मला गडचिरोलीत सापडतं. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' संस्था तिथे सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० च्या वर, त्यापुढच्या बाळाचा ५० च्या वर गेला की न्यूमोनिया समजावा, हे शास्त्राला माहीत होतं. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? मग त्यांनी श्वास मोजायचं एक साधन केलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी हात तांबड्या मण्यापर्यंत पोचला तर बाळाला औषध हवं. रोगाचं निदान डॉक्टरच्या कानातून दाईच्या बोटांत आलं. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, असं हे काम पुढे वाढवलं गेलं, ३९ गावांत करून पाहिलं गेलं, ४७ गावांशी ताडून पाहिलं गेलं, आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं : नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी जाऊन बाळ पाहू लागल्या. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, थेट बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. पनवेलच्या आदिवासी वाडीवर आशाताई बाळाच्या छातीकडे पाहत श्वास मोजते, तेव्हा ती गडचिरोलीत ठरलेली रीतच पाळत असते. स्थानिक काम नीट मोजून छापलं की ते स्थानिक राहत नाही.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे आणि मला ती पटते. रीत बदलली, मग मृत्यू कमी झाले, एवढ्याने रीतीमुळेच कमी झाले असं सिद्ध होत नाही. त्याच काळात रस्ते झाले असतील, लोक लवकर येऊ लागले असतील, सौम्य दंशाचे रुग्णही मोजले गेले असतील. माझा ट्रेवरचा कागद कामाचा होता की त्या महिन्यात अनुभवी सिस्टर वॉर्डात होत्या, हे मला कधीच कळणार नाही. प्रॅझोसिनबद्दलही हीच शंका घेतली जाई, कारण शेजारी तुलनेचा गट ठेवलेला नव्हता. मरणाऱ्या मुलाला गोळी न देता बाजूला ठेवायचं हे कुठल्या डॉक्टरला जमेल?

या शंकेला बावस्करांनी जे उत्तर दिलं, त्यासाठी मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आपल्याकडे तयार होऊ लागलं होतं. पतीपत्नींनी ७० रुग्ण घेतले, चिठ्ठ्यांसारखी निवड करून दोन गट केले. ३५ जणांना नुसतं प्रॅझोसिन दिलं, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी दुसऱ्या गटातले ३२ जण पूर्ण बरे होते, पहिल्या गटातले फक्त ८. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं. ज्या गोळीने त्यांचं नाव जगभर झालं, तीच एकटी पुरेशी वेगवान नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने मोजलं आणि स्वतःच्या नावाने छापलं. आपल्या शोधावर जीव असलेल्या माणसाला हे सोपं नसतं. मोजमाप हे आपलं म्हणणं सिद्ध करण्यासाठी नसून रुग्ण लवकर बरा व्हावा यासाठी असतं, हे ज्याला खोलवर पटलंय तोच असं करू शकतो.

म्हणून रीत सुधारणाऱ्यांनी मोजणी शिकून घ्यायला हवी, आणि महाविद्यालयांनी ती शिकवायला हवी. आपल्याकडे एम.डी. होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दोन-तीन वर्षं त्यात जातात. सोनेरी अक्षरांत नाव छापून पुठ्ठ्याची बांधणी होते आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. विषय बहुतेक वेळा असा असतो की तो मुंबईत, दिल्लीत, कुठेही लिहिला असता तरी चाललं असतं. विद्यार्थी हुशार असतो, मार्गदर्शक मेहनती असतात, पण ज्या इमारतीत ते बसतात त्या इमारतीतल्या कामाकडे पाहायला त्यांना कुणी सांगत नाही. पनवेलच्या परिसरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, लहानमोठे कितीतरी दवाखाने आणि लॅब आहेत. पश्चिमेला महामुंबई, पूर्वेला माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्या, दक्षिणेला वर्षानुवर्षं खोदून ठेवलेला गोव्याचा रस्ता. प्रश्न शोधायला गावाबाहेर जावं लागत नाही.

या गावात राहणारी आणि इथल्या नळ्या हाताळलेली बाई म्हणून मी इथल्या एका विद्यार्थ्याला विषय सुचवू शकले असते, तर असे सुचवले असते. आपल्या वॉर्डातून आठवड्यात किती नळ्या रक्त फुटलेल्या, म्हणजे लालसर झालेल्या सीरमच्या येतात, आणि त्या सगळ्यात जास्त कुठल्या पाळीत येतात? पोटॅशियमचा धोक्याचा आकडा लॅबने फोनवर सांगितल्यापासून डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी पोचेपर्यंत किती मिनिटं जातात, आणि तो फोन कोण उचलतं? भातकापणीच्या दिवसांत पेणकडच्या वाडीतून निघालेल्या, साप चावलेल्या माणसाला प्रतिविषाची पहिली बाटली नेमकी कुठे मिळते? आधीच्या प्राथमिक केंद्रात ती होती का, असेल तर तिथेच का दिली नाही, आणि दंशापासून तोपर्यंत घड्याळात किती वाजले होते? यातल्या एका प्रश्नाला एक वही पुरते. सापाच्या प्रश्नासाठी वहीत चार रकाने आखायचे : दंशाची वेळ, पहिल्या दवाखान्याची वेळ, पहिल्या बाटलीची वेळ, आणि माणूस चालत घरी गेला का.